एनदामा गाय: त्सेत्से माशीच्या पट्ट्यात टिकते म्हणजे नेमकं काय?

रानवाटा
पश्चिम आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या पट्ट्यात झेबू (वशिंडवाली) गुरं माशीमुळे होणाऱ्या रोगाने दगावतात, एनदामा मात्र तग धरते असं वाचलं. तिला तो रोग होतच नाही का? आणि दुधासाठी झेबू वळू लावला तर काय बिघडतं?

गोधन
रोग होतो. माशीच्या चाव्यातून येणारा ट्रिपॅनोसोमा हा सूक्ष्म परजीवी तिच्याही रक्तात शिरतो (गुरांच्या सर्रा रोगाचा परजीवी याच कुळातला). फरक पुढे पडतो: परजीवींची संख्या आटोक्यात राहते आणि घटलेल्या तांबड्या पेशी लवकर भरून येतात. त्यामुळे रक्तात परजीवी असूनही गाय चरते, विते.

मूळ गिनीच्या फूता जालोन पठाराचं. वशिंड नाही, बांधा ठेंगणा आणि गच्च, रंग बहुधा फिकट तांबूस, शिंगं वीणेच्या आकाराची. गाय जेमतेम २५० किलोची.

माळरान
‘टिकते’ या शब्दावर विसंबून औषध बंद करू नये. माश्यांचा जोर, उन्हाळ्यातली चाराटंचाई, गाभणपण किंवा ओढकाम एकत्र आलं की एनदामाही खंगते. म्हणून तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, तपासत राहावं. गोठू नये म्हणून औषध मिसळलेलं रक्त बारीक काचनळीत घेऊन मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी ५ मिनिटं फिरवायचं. पांढऱ्या पेशींच्या थराजवळचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की वळवळणारे परजीवी तिथेच दिसतात. प्रमाण २५ टक्क्यांखाली गेलं आणि परजीवी दिसले तर पशुवैद्याकडून डायमिनाझीन हे परजीवीनाशक औषध, वजनाच्या किलोमागे ३.५ मिलिग्रॅम, स्नायूत. वजन नजरेने कमी धरलं की मात्रा अपुरी पडते आणि परजीवी औषधाला दाद देईनासे होतात. छातीघेरावरून वजन काढायची, दुसऱ्या जातीसाठी आखलेली फीतही इथे चुकते.

गोधन
आता संकर. सेनेगलमधलं जाकोरे हे एनदामा आणि गोब्रा झेबू यांचं मिश्रण. पहिल्या पिढीत अंग भरतं, दूध वाढतं, सहनशक्ती मधेच कुठेतरी राहते. खरी चूक त्यापुढे होते: त्या कालवडींना पुन्हा झेबू वळू लावला की प्रत्येक पिढीत ती शक्ती पातळ होत जाते. शिवाय मोठं अंग म्हणजे जास्त चारा, आणि उपासमारीत रक्त भरून येत नाही. माश्या दाट असतील तिथे वळू शुद्ध एनदामाच ठेवावा, निवड कळपातूनच करावी. वासराचं भागवून लिटर-दीड लिटर दूध मिळतं, त्यावरच हिशेब बसवायचा.

रानवाटा
म्हणजे आधी माश्यांची दाटी मोजायची, मग वळू ठरवायचा?

माळरान
हो. आणि सापळे पावसाळ्यातही लावा, कोरड्या दिवसांत माश्या ओढ्याकाठच्या झाडीत गोळा होतात, तेवढ्यावरून वर्षाचा अंदाज निघत नाही.