मदत हवी आहे: काल्पनिक विनाशिकेतून (डिस्ट्रॉयर युद्धनौकेतून) नेमकं काय काढू?

कादंबरीसाठी एका बेटराष्ट्राचं नौदल रचतोय. त्यांच्या विनाशिका आपल्या नौदलाच्या विशाखापट्टणम वर्गावर बेतल्यात: माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या, १६३ मीटर लांब, सुमारे ७,४०० टन, हवाई हल्ले रोखणारी ३२ बराक-८ आणि जहाजांवर व जमिनीवर मारा करणारी १६ ब्राह्मोस क्षेपणास्त्रं. (गोव्यातल्या बंदराचं नाव असलेली ‘मुरगाव’ त्यातलीच, म्हणून जरा जास्त जिव्हाळा!) माझं जहाज मात्र ५,५०० टनांचंच, कारण त्या देशाची गोदी लहान.

अडचण अशी की रडार जितकं उंच, तितकी पाण्यालगत येणारी क्षेपणास्त्रं लवकर दिसणार. पण वजन वर गेलं की जहाजाची स्थिरता गेली. मग कात्री कशाला लावू? ब्राह्मोस आठवर आणू, की दोनपैकी एक हेलिकॉप्टर काढू? चार गॅस टर्बाइनऐवजी दोन आणि जोडीला डिझेल चालेल? वेग ३० नॉटच्या खाली घसरला तरी कथेचं बिघडत नाही. गोदीत किंवा नौदलात काम केलेल्यांनी बिनधास्त चुका काढाव्यात.