मदत हवी आहे : शिकवून तयार केलेले ऑपरेटर टिकत नाहीत

नाशिकजवळ आमचं विमानाच्या सुट्या भागांचं २२ जणांचं वर्कशॉप आहे. ओझरला तेजस लढाऊ विमानाची उत्पादन लाइन सुरू झाल्यापासून चौकशा वाढल्यात, पण फाइव्ह-ॲक्सिस सीएनसीवरची (पाच अक्षांत फिरून धातू कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) मुलं थांबत नाहीत. टायटॅनियम कापताना नुसत्या आवाजावरून टूल झिजल्याचं ओळखायला आयटीआयच्या मुलाला दीड-दोन वर्षं लागतात, आणि नेमका तेव्हाच राजीनामा येतो. फार जीव तुटतो.

पगार वाढवला, रात्रपाळीला गाडी लावली, फरक नाही. बेंगळुरूइतका पगार परवडणार नाही. मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवणं मला मान्य नाही. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे जायचं नाही, ही अट करार कायद्याच्या कलम २७पुढे टिकत नाही, हे माहीत आहे.

ट्रेनिंगच्या प्रत्यक्ष खर्चापुरता बाँड (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर तेवढा खर्च भरून द्यायचा, असा करार) कुणी केलाय का? रक्कम कशी ठरवलीत, आणि त्यामुळे मुलं खरंच राहिली का?