शब्दचर्चा : संवेदक की शोधक? अवरोध की निरोधन?

प्रश्न

रोजच्या वापरातल्या वस्तूंमधली घातक रसायने तपासणाऱ्या 'एंझाइम-बेस्ड इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर'वर मराठीत माहितीपत्रक तयार होत आहे. विकर (एंझाइम), विद्युत अग्र (इलेक्ट्रोड), ऑक्सिडीकरण, क्षपण, सामू (पीएच) हे पाठ्यपुस्तकातले शब्द तसेच घेतले आहेत. पण सेन्सरला 'शोधक' म्हणावे की 'संवेदक'? इनहिबिशनला, म्हणजे विकराचे काम थोपवले जाण्याला, 'अवरोध' चालेल का? आणि इमोबिलायझेशनसाठी लिहिलेले 'स्थिरीकरण' वाचताना खटकते. उदाहरण म्हणून दुकानातल्या थर्मल कागदाच्या पावतीतले बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, घेतले आहे. सध्याचा मथळा 'बीपीए-शोधक पट्टी' असा आहे.

प्रतिसाद १

'संवेदक' घ्या. 'शोधक' म्हटले की पट्टीने नेमके तेच रसायन हुडकले असे वाचक धरून चालतो, आणि या पट्टीचे काम तसे नाही.

बीपीएसाठी बहुतेक वेळा टायरोसिनेज वापरतात. अळंबीपासून मिळणारे हे तांबेयुक्त विकर. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून ते फेनॉलच्या वलयावर शेजारी आणखी एक हायड्रॉक्सिल गट बसवते आणि पुढे त्याचे क्विनोन नावाचे संयुग बनवते. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ अग्राच्या (विभव मोजण्याचा स्थिर आधार) तुलनेत विद्युत अग्रावर साधारण −०.१ ते −०.२ व्होल्ट विभव ठेवला की या क्विनोनचे क्षपण होते, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळतात, आणि तो प्रवाह आपण मोजतो. साधे फेनॉल, कॅटेकॉल, पॅरा-क्रेसॉल हेही असाच प्रवाह देतात. पट्टीला त्यांच्यात फरक करता येत नाही.

उलट बाजूही पाहा. 'बीपीए-मुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच थर्मल कागदांत त्याच्या जागी बिस्फेनॉल एस असते. त्यातला सल्फोन गट वलयातली इलेक्ट्रॉन-घनता ओढून घेतो, त्यामुळे टायरोसिनेजची त्यावर क्रिया जवळजवळ होतच नाही. प्रवाह शून्याजवळ राहतो आणि कागद स्वच्छ भासतो. म्हणून मथळ्यात 'फेनॉल-संवेदक' लिहावे. बीपीए हा शब्द खाली, 'या पट्टीवर बीपीएचाही संकेत मिळतो' अशा वाक्यात यावा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. त्याच कारणाने 'पट्टी बीपीए ओळखते' हे वाक्यही काढा. 'प्रतिसाद देते' म्हणा.

पावतीचे आकडे पत्रकात येणार असतील तर हिशेब असा. थर्मल कागदाचे वजन दर चौरस मीटरला ५५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १ चौरस सेंटिमीटर तुकडा ५.५ मिलिग्रॅमचा. त्यात वजनाने १ टक्का बीपीए असेल तर ५५ मायक्रोग्रॅम. तो तुकडा ५ मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये हलवून अर्क काढला आणि बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ५० पट विरल केला की बीपीए साधारण १ मायक्रोमोलर उरते. पट्टीला हे सहज झेपते. मेथॅनॉलही २ टक्क्यांवर येते. विरल न करता अर्क थेट टाकला तर मेथॅनॉलमुळेच विकर निकामी होईल.

युरोपीय संघात जानेवारी २०२० पासून थर्मल कागदातल्या बीपीएची मर्यादा वजनाच्या ०.०२ टक्के आहे. ती तपासायला वरची कृती पुरत नाही, कारण तेवढ्याच तुकड्यातून १९ नॅनोमोलरच हाती लागते. १० चौरस सेंटिमीटर तुकडा तेवढ्याच मेथॅनॉलमध्ये घ्यावा आणि २० पटच विरल करावे, म्हणजे ०.४८ मायक्रोमोलर मिळते. मेथॅनॉल तेव्हा ५ टक्के होते, म्हणून अंशशोधनाच्या, म्हणजे माहीत मात्रेवर प्रवाह मोजून रेषा आखण्याच्या, द्रावणांतही ५ टक्के मेथॅनॉल हवेच. नाहीतर रेषा एका माध्यमाची आणि नमुना दुसऱ्याचा, असे होते. बफर ०.१ मोलर फॉस्फेट, सामू ६.५ ते ७.

इथे 'संवेदनशीलता' आणि 'शोधनसीमा' हे दोन शब्द वेगळे ठेवा. पहिला म्हणजे अंशशोधन रेषेचा चढ, दुसरा म्हणजे पार्श्वप्रवाहाच्या (रसायन नसतानाही वाहणाऱ्या प्रवाहाच्या) चढउतारातून खात्रीने वेगळी काढता येणारी किमान मात्रा. चढ दुप्पट झाला आणि पार्श्वप्रवाहाची थरथरही दुप्पट झाली, तर शोधनसीमा होती तिथेच राहते. वर्तमानपत्री लेखनात दोन्हींना सर्रास 'संवेदनशीलता' म्हणतात, तेवढे टाळावे.

प्रतिसाद ३

'अवरोध' नको, 'निरोधन' घ्या. याच पत्रकात विद्युत 'रोध' येणार आहे. 'रोध वाढला' आणि 'अवरोध वाढला' शेजारी आले की विजेबद्दल बोलताय की विकराबद्दल, हे कळत नाही.

निरोधनावर चालणारे संवेदक हा वेगळाच वर्ग आहे आणि त्याला स्वतंत्र नाव हवे. भाजीवरच्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांसाठी ॲसिटिलकोलिनेस्टरेज वापरतात. आधी १ मिलिमोलर ॲसिटिलथायोकोलिन देऊन प्रवाह मोजायचा. विकर त्याचे थायोकोलिन करते आणि त्याचे अग्रावर ऑक्सिडीकरण होते. मग पट्टी धुऊन १० मिनिटे अर्कात ठेवायची, पुन्हा धुवायची आणि पुन्हा मोजायचे. पहिल्या प्रवाहातून दुसरा वजा करून पहिल्याने भागले आणि १०० ने गुणले की निरोधनाची टक्केवारी. विष जितके जास्त, तितका प्रवाह कमी. टायरोसिनेजच्या पट्टीच्या हे अगदी उलट आहे. म्हणून 'क्रिया-संवेदक' आणि 'निरोधन-संवेदक' अशी जोडी सुचवतो.

निरोधन-संवेदकाला विकर कशाने दुबळे झाले ते कळत नाही. कार्बामेट कीटकनाशक, जड धातू, जास्तीचे मद्यार्क, सगळ्यांचा परिणाम सारखाच दिसतो. म्हणून एक पट्टी कीटकनाशक नसलेल्या भाजीच्या अर्कात ठेवून तिची घट वजा करावीच लागते. क्लोरपायरिफॉससारखी गंधकयुक्त कीटकनाशके मूळ रूपात क्षीण निरोधक असतात, त्यामुळे अर्कात आधी थोडे ब्रोमीनपाणी घालून त्यांचे ऑक्सॉन रूप (गंधकाच्या जागी ऑक्सिजन असलेले) करतात. उरलेले ब्रोमीन काढायचे राहिले तर तेच विकर मारते आणि चांगली भाजी विषारी ठरते.

मूळ प्रश्नकर्ता

मथळा बदलतो. मग टायरोसिनेजच्या पट्टीत निरोधनाचा प्रश्नच येत नाही असे लिहू का?

प्रतिसाद १

तसे लिहू नका. कोजिक आम्ल तांबे पकडून टायरोसिनेजला थोपवते, बेंझोइक आम्लही निरोधक आहे, आणि ही दोन्ही क्रीम-लोशनमध्ये असतात. क जीवनसत्त्व असेल तर ते क्विनोनला अग्रापर्यंत पोचण्याआधीच परत कॅटेकॉल करून टाकते. तिन्ही बाबतींत आकडा खोटा, कमी येतो. पडताळा सोपा आहे : अर्कात माहीत असलेल्या मात्रेचे बीपीए घालावे. प्रवाह अंशशोधन रेषेप्रमाणे वाढला नाही, तर अर्कातच काहीतरी आड येते आहे.

प्रतिसाद ४

'स्थिरीकरण' खटकते ते बरोबरच आहे. वाचक त्याचा अर्थ 'विकर टिकाऊ करणे' असा घेतो. इथे ते अग्राच्या पृष्ठाला धरून ठेवायचे असते, म्हणून 'जखडणे', आणि नाम हवे असल्यास 'बंधन'. टिकाऊपणासाठी 'स्थैर्य' मोकळे राहते.

हा फरक कामाचा आहे, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जाऊ शकतात. विकर आणि गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन यांच्या मिश्रणाचा ५ मायक्रोलिटरचा थेंब छापील कार्बन अग्रावर टाकून ग्लुटराल्डिहाइडने जोडतात. ग्लुटराल्डिहाइड कमी पडले तर पहिल्याच धुण्यात विकर निघून जाते आणि प्रत्येक मोजणीत प्रवाह घसरत जातो. जास्त झाले तर विकर घट्ट जखडलेले असते, पण त्याची क्रियास्थळे बंद झालेली असतात, आणि प्रवाह पहिल्यापासूनच तुटपुंजा येतो. पट्टी वाळवायची ती ४ अंश सेल्सिअसला, सावकाश. गरम हवेचा झोत दिला तर थराला भेगा पडतात.