दाट सागवानात रानडुकरांसाठी रायफल घ्यावी की बारा बोअर?

प्रश्न – शेतकरी, किनवट

आमचे शेत सागाच्या जंगलाला लागून आहे. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांचा कळप धुऱ्यावरून आत शिरतो आणि एका रात्रीत ताटे आडवी करून जातो. नात्यातील एक गृहस्थ आपली .३१५ रायफल रीतसर माझ्या नावे करून देण्यास तयार आहेत. आमच्याकडे जनावर दिसते ते वीस-पंचवीस पावलांवर, तेही झुडपाआड. एवढ्या जवळून रायफल उपयोगी पडेल, की दुनळी (छरे डागणारी, गुळगुळीत नळ्यांची दोन नळ्यांची बारा बोअर बंदूक) बरी?

उत्तर – जुना परवानाधारक, मुखेड

दुनळी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जड गोळी झुडूप चिरून सरळ जाते असे सांगणारे पुष्कळ भेटतील. परंतु बोटाएवढ्या फांदीला लागली तरी कोणतीही गोळी वळू शकते, आणि रायफलची चुकलेली गोळी किलोमीटरभर पुढेही जीव घेते, हे ज्याच्या शेजारच्या वावरात माणसे जागलीला असतात त्याने क्षणभरही विसरू नये. पंचवीस पावलांपर्यंत बारा बोअरचे एलजी (मोठ्या छऱ्यांचे) काडतूस पुरेसे आहे. दुर्बीण लावू नका. जवळच्या झाडीत तिच्यातून नुसती पानेच दिसतात. बंदूक निवडताना ती रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून खांद्याला लावा. डोळे उघडल्यावर नळीवरची माशी (नेम धरण्यासाठी टोकाशी असलेला मणी) नजरेच्या रेषेत आली, तर दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा भाग) तुमच्या मापाचा आहे.

उत्तर – वकील, नांदेड

बंदुकीआधी कागद पाहावेत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीचा, तर संरक्षणासाठी किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. रायफलसाठी सबळ कारण पटवून द्यावे लागते. शिवाय परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीस बंदी आहे. उभ्या पिकाची नासधूस होत असेल तर कलम ११ खाली अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि तशा परवानगीने मारलेले जनावरही शासनाच्या मालकीचे असते.

शेतकरी, किनवट

दोघांचेही आभार. रायफलचा विचार सोडला. आधी वनविभागाकडे अर्ज करतो. पाहण्यात एक जुनी दुनळी आहे, तिची डावी नळी फुल चोक (तोंडाशी पूर्ण आवळलेली) आहे. ती चालेल का?

जुना परवानाधारक, मुखेड

चालेल, मात्र उजवी अधिक उघडी आहे का ते बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून मोजून घ्या आणि जवळच्या जनावरासाठी तीच वापरा. अंधारात नुसत्या आवाजावर घोडा कधीही दाबू नका.