पटकथेचं सॉफ्टवेअर: किमतीआधी लिपी बघा

मडगावहून विचारणाऱ्या मित्रा, मराठी-कोंकणी लघुपटासाठी फायनल ड्राफ्ट हे पटकथा लिहिण्याचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का, हा तुझा प्रश्न. मी म्हणेन, आत्ता नको. तुझ्या प्रश्नाखालच्या उत्तरांत सगळे त्याच्या किमतीवरून भांडताहेत (भांडू देत!), पण आपली खरी अडचण लिपीची आहे.

ही बहुतेक सॉफ्टवेअरं रोमन लिपी आणि १२ पॉइंटचा कुरिअर टंक गृहीत धरून बनलीत. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशेबही त्याच टंकाचा. देवनागरीत तो धरू नकोस. मोठ्याने वाच आणि घड्याळ लाव.

मी फाउंटन वापरते. ते सॉफ्टवेअर नव्हे, साध्या मजकुरात पटकथा लिहिण्याची पद्धत आहे, फुकट. पात्राचं नाव ते कॅपिटल अक्षरांवरून ओळखतं. आपल्याकडे कॅपिटल कुठली? म्हणून नावाआधी @ टाकायचं. दृश्याच्या ओळीआधी टिंब: ‘.बाह्य - म्हापशाचा बाजार - सकाळ’. मॅक असेल तर त्यासाठी बीट हे फुकट ॲप आहे, आणि त्यातून फायनल ड्राफ्टची एफडीएक्स फाइलही काढता येते. म्हणजे उद्या मुंबईच्या निर्मात्याने मागितली तरी अडत नाही.

तरीही पैसे मोजायचेच असतील, तर आधी चाचणी आवृत्तीत ‘म्हार्दोळ’, ‘कुंकळ्ळी’ असले शब्द घालून दोन पानं लिही, पीडीएफ काढ आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघ. जोडाक्षरं फुटली तर पुढचं काही बघूच नकोस.