७० हजार बजेट: पीसी असेंबल करू की पीएस५ घेऊ?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, पप्पांनी ७० हजार सांगितलेत, त्याच्यावर एक रुपया नाही. पीएस५ स्लिम (सोनीचा गेम कन्सोल) एप्रिल २०२४ ला आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० ला होता, म्हणजे बसतो बजेटमध्ये. पीसीचं कोटेशन काढलं तर मॉनिटर सोडून ६८ हजार. मग पीसी महागच ना? मित्र म्हणतात पुढे जाऊन स्वस्त पडतो, कसा ते कुणी नीट सांगेल का. खेळणार जास्त करून व्हॅलोरंट आणि थोडे स्टोरीवाले गेम.

घाटावरचा_गेमर
भावा नुसती डब्याची किंमत बघू नकोस, चार वर्षांचा हिशोब कर. पीएस५ वर विकतचे गेम ऑनलाइन खेळायचे तर पीएस प्लस (सोनीची पैसे भरायची मेंबरशिप) लागतंच, २०२३ मध्ये वर्षाच्या प्लॅनचे दर वाढवले पण. व्हॅलोरंटसारख्या फुकट गेमला ते लागत नाही. पीसीला ऑनलाइनचे पैसेच नाहीत, एपिक आणि स्टीम ही पीसी गेमची ऑनलाइन दुकानं, एपिकवर दर आठवड्याला गेम फुकट मिळतो आणि स्टीमचा सेल आला की जुने गेम निम्म्याहून कमी. पण व्हॅलोरंट माउस-कीबोर्डवर खेळायची सवय असेल तर प्रश्नच मिटला, पीएस५ वर तो कंट्रोलरनेच खेळावा लागतो.

डिस्कवाला
थांबा, डिस्कचा हिशोब कुणीच धरत नाही!! मी नवीन गेम घेतो, महिनाभरात संपवतो आणि विकतो, अर्ध्याहून जास्त पैसे परत येतात, स्टीमवर घेतलेला गेम विकून दाखवा. स्टोरीवाले गेम खेळणाऱ्याला हे फार मोठं आहे. फक्त डिजिटल एडिशन घेऊ नकोस, त्यात डिस्क ड्राइव्ह येत नाही, मग हा मार्ग बंद.

लॅमिंग्टन_फेऱ्या
घरी टीव्ही एकच असेल तर आधी त्याचा विचार कर, आमच्याकडे संध्याकाळी सात ते दहा मालिका, कन्सोल नुसता पडून, शेवटी मॉनिटर वेगळा घ्यावाच लागला. आणि पीसी घेतलास तर एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणारा भाग) पैसे वाचवू नकोस, मी लोकल घेतला होता, तो उडाला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. सेकंडहँड ग्राफिक कार्ड घ्यायचं तर समोर अर्धा तास गेम चालवून तापमान बघ, सप्टेंबर २०२२ ला ग्राफिक कार्डांवर चालणारं इथेरियम या क्रिप्टोचं मायनिंग बंद झालं तेव्हा रात्रंदिवस घासलेली कार्डं बाजारात आली, ती अजून फिरतायत. रॅमचे भाव पण २०२५ च्या शेवटापासून भडकलेत, डेटा सेंटरवाले सगळा माल उचलतायत, त्यामुळे महिनाभरापूर्वीच्या कोटेशनवर विसंबू नकोस.

प्रश्नकर्ता
टीव्ही एकच आहे, हॉलमध्ये 😔 आणि लॅपटॉप पण नाहीये माझ्याकडे, कॉलेजला कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) लागणार.

घाटावरचा_गेमर
अरे मग हे आधी सांगायचं ना! कन्सोल घेतलास तर कॅडसाठी वेगळा लॅपटॉप, म्हणजे निदान ४० हजार अजून. पीसीच घे. कार्ड एक पायरी खालचं टाक, व्हॅलोरंटला भारी कार्ड लागत नाही, वाचलेल्या पैशात मॉनिटर बसव. एसएमपीएस मात्र आत्ताच चांगल्या वॅटचा घे, म्हणजे पुढे फक्त कार्ड बदललं की झालं. कोटेशन इथे टाक, बघून सांगतो.