मदत हवी आहे: सात जर्नलांत एकच -२५२१६

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कमवा आणि शिका योजनेतून यंदा पहिल्या वर्षाच्या सी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला मदतनीस म्हणून असतो. मुलं 'दादा' म्हणतात. 'सर' म्हणणारे दोघेच, तेही चेष्टेने. काम म्हणजे स्कॅनएफमध्ये (इनपुट वाचणारी सूचना) विसरलेला अँपरसँड (& चिन्ह) दाखवायचा, लाईट गेली की फाइल सेव्ह केली का म्हणून ओरडायचं, आणि जर्नलं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या, तपासायची. सही सरांची, पण ते माझी पेन्सिलची टिक बघूनच करतात.

गेल्या आठवड्यात फॅक्टोरियलचं (१ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) प्रॅक्टिकल तपासत होतो. एका जर्नलात ८ चं फॅक्टोरियल -२५२१६. म्हटलं, असेल काही गडबड. पुढच्यातही तेच. २२ जर्नलांपैकी सातांत हाच आकडा!

आता गंमत बघा. आमच्या लॅबमध्ये उबुंटूवर जीसीसी हा सीचा कंपायलर आहे. तिथे इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) ४ बाइटचा, म्हणून उत्तर सरळ ४०३२० येतं. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये इंट २ बाइटचा, ३२७६७ च्या वर मावत नाही, आकडा ६५५३६ ने मागे फिरतो. ४०३२० मधून ६५५३६ वजा करा, -२५२१६ मिळतील. आणि टर्बो सी आमच्याकडून जाऊन तीन वर्षं झाली. म्हणजे सातांपैकी एकानेही प्रोग्रॅम चालवलेला नाही, कोणाचं तरी जुनं जर्नल उतरवलंय.

कोणाचं, तेही कळलं. प्रिंटएफच्या, म्हणजे पडद्यावर उत्तर छापायच्या, मेसेजमध्ये 'फॅक्टोरियल'च्या स्पेलिंगमधला ओ गाळलाय, सातही ठिकाणी. तो ओ मीच गाळला होता. पहिल्या वर्षाचं माझं जर्नल मी पुढच्या बॅचच्या एकाला दिलं होतं, ते फिरत फिरत इथवर आलं. मी प्रोग्रॅम चालवला होता खरा, पण फॅक्टोरियल उणे कसं येईल हा विचार ना मी केला, ना तेव्हा सही करणाऱ्यांनी.

सातांपैकी एक माझ्याच वाडीतला. गणपतीत त्याची आई म्हणाली होती, "लक्ष ठेव हो त्याच्यावर." पावसकडची दोन पोरं तर "दादा, टिक मारून टाका, गाडी चुकेल" म्हणत दारातच उभी असतात. आणि त्याच बॅचमधल्या एका मुलीने हौसेने १३ चं फॅक्टोरियल काढलं, १९३२०५३५०४ आलं (४ बाइटमध्येही न मावल्याने चुकीचं), तर शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. तिला आणि या सातांना एकच टिक द्यायची?

सरांना सांगावं का? सांगितलं तर सातांचं प्रॅक्टिकल रद्द होईल, आणि जर्नल कोणाचं हेही निघेलच. शिक्षकी पेशातल्या कोणी मार्ग सुचवा. बॅच परवा आहे.

प्रतिसाद १
पंधरा वर्षं लॅब घेतेय. कॉपी धरायच्या फंदात पडू नका, दमाल. टिक देण्याआधी प्रत्येकाला मशीनवर बसवा आणि एकच सांगा: ८ घालून चालव आणि जर्नलातला आकडा पडद्यावर दाखव. सातही जण आपोआप थांबतील. मग १३ घाला, नंतर इंट काढून लाँग लाँग (८ बाइटचा प्रकार) करा. २० पर्यंत बरोबर येतं, २१ ला पुन्हा बोंब. त्या मुलीचं प्रश्नचिन्ह फळ्यावर घ्या, अर्धा तास मस्त जाईल. पुढच्या वेळी प्रत्येकाला रोल नंबरवरून वेगळा इनपुट द्या.

प्रतिसाद २
ते सगळं ठीक, पण सरांकडे आधी जा. तुमचं जर्नल आहे हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तुमच्या पेन्सिलच्या टिकला काही किंमत उरणार नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. आज सरांना सांगितलं. त्यांनी माझं जुनं जर्नल मागवलं, त्या पानावरची सही बघितली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. सही त्यांचीच होती. मग म्हणाले, "परवा मीही येतो बॅचला." वाडीतल्या पोराला अजून काही कळवलेलं नाही.